पहाटेचे पाणी आणि रात्रीची गोळी

प्रति,
मा. उपअभियंता,
पाणीपुरवठा उपविभाग,
डोंबिवली (पूर्व).

विषय : शांतिसदन गल्लीस सकाळी पावणेसहाऐवजी दहानंतर पाणी सोडणेबाबत, ते न जमल्यास परिच्छेद ९ वाचणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २७/०१/२०२५ रोजीचा अर्ज.
२) अर्जदाराचा दि. १७/०२/२०२५ रोजीचा स्मरण अर्ज.
३) अर्जदाराच्या मोबाइलवर आलेला संदेश, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'

महोदय,

१. अर्जदार विश्राम दत्ताराम पेडणेकर, वय ६८, हा निवृत्त मुख्य लिपिक असून त्याच्या नोकरीची एकतीस वर्षे इतरांचे अर्ज वाचण्यात गेली. अर्ज लांबला की साहेबांची नजर मधले सगळे सोडून शेवटच्या ओळीवर जाते, हे त्याला चांगले ठाऊक आहे. तरीही हा अर्ज लांबणार आहे. तो लिहायला नऊ दिवस लागले, कारण लिहिता लिहिता अर्जदारास झोप लागते. जेथे अक्षर ओळ सोडून खाली घसरले आहे तेथे अर्जदार झोपला होता असे समजावे.

२. सन २०१९ मध्ये अर्जदाराच्या मणक्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. दुसरी ही पहिलीची दुरुस्ती होती. दोन्ही यशस्वी झाल्याचे कागदोपत्री नमूद आहे, पण दुखणे त्या कागदांना जुमानत नाही. गेली चार वर्षे ठाण्याच्या नौपाड्यातील वेदना-उपचार दवाखान्याच्या डॉ. देवयानी यांच्या सल्ल्याने अर्जदार मॉर्फीनची गोळी घेतो, सकाळी आठला एक आणि रात्री आठला एक. गोळीने दुखणे जात नाही. ते उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसते. तेवढ्या अवधीत अर्जदार खुर्चीत बसून जेवू शकतो आणि पत्नीशी माणसासारखे बोलू शकतो, म्हणून गोळीविषयी त्याची तक्रार नाही.

३. गोळीचे दुष्परिणाम अनेक आहेत. आपले खाते पाण्याचे असल्याने पाण्याशी संबंधित तेवढेच येथे मांडतो. तोंड सतत कोरडे पडते. अंगाला खाज सुटते, ती गार पाण्याचा फडका फिरवला की थोडी थांबते. शौचास चार-चार दिवस होत नाही. रेचक घेतल्यावर होते तेव्हा भर दुपारी होते आणि त्या वेळी नळ कोरडा असतो. असला विषय शासकीय पत्रव्यवहारात आणताना अर्जदारास लाज वाटते, परंतु चार दिवसांनी संडासात बसलेल्या माणसाजवळ दोनच तांबे पाणी असेल तर त्याची काय अवस्था होते, हे लाजेखातर लपवण्यासारखे राहिलेले नाही.

याखेरीज डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या होतात आणि बसल्या जागी डोळा लागतो. मागच्या खेपेस अर्जदार आपल्या कार्यालयातील बाकावर सव्वा तास बसला होता. दारावरच्या रक्षकाने डोळ्यांत पाहून विचारले, "काका, काही घेऊन आलायत काय?" अर्जदाराने खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून दाखवली. रक्षक ओशाळला, पण बाकावरची दोन माणसे तेवढ्यात सरकून बसली. डोंबिवलीत चाळीस वर्षे काढून अर्जदार असा गर्दुल्ला ठरला. पुढे त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा तो झोपेत होता, आणि अर्जावर 'अनुपस्थित' असा शेरा पडला. शेरा चूक आहे असे म्हणता येणार नाही.

४. शांतिसदन ही जुनी, तीन मजली इमारत. जमिनीखालची टाकी तडकल्यापासून पाणी थेट नळाला येते. तिसऱ्या मजल्यावर ते मोरीतल्या जमिनीलगतच्या एका नळालाच येते, त्याच्या वर वीतभरही चढत नाही. तेथे पातेले लावायचे आणि तांब्याने ड्रम भरायचा. पाणी पावणेसहाला येते, साडेसहाला जाते. पाणी आलेले कळावे म्हणून रात्री नळ उघडा ठेवून त्याखाली पितळेचे पातेले पालथे घालण्याची पद्धत या गल्लीत घरोघर आहे. पहिली धार पातेल्याच्या बुडावर पडली की घणघण होते आणि माणूस उठतो. अर्जदाराच्या घराला त्यामुळे कधी गजराचे घड्याळ घ्यावे लागले नाही. आणि उठायचे काम पहिल्यापासून अर्जदाराची पत्नी सौ. सरोज हिचे होते.

५. गुरुवार दि. ९ जानेवारी २०२५ रोजीची घटना अशी. आदल्या दिवशी सरोजला ताप होता. ती म्हणाली, "उद्या तेवढं तुम्ही उठा हो. माझ्यात त्राण नाही." अर्जदाराने होकार दिला आणि आवाज ऐकू यावा म्हणून अंथरूण स्वयंपाकघरात, मोरीपासून दोन हातांवर घातले. पातेले वेळेवर वाजू लागले. खालच्या मजल्यावरच्या श्रीमती रुपाली यांना ते ऐकू आले, अर्जदाराला आले नाही. मोरीच्या जाळीत फडके अडकून पाणी उंबरठ्यावरून स्वयंपाकघरात शिरले. सरोज तापातच नळ बंद करायला उठून आली आणि घसरली. तिचा खुबा मोडला.

तिने अर्जदाराला किती हाका मारल्या हे तिने आजवर सांगितलेले नाही. अर्जदाराने दोनदा विचारून पाहिले. तो जागा झाला तो पाणी पाठीखाली आल्यावर.

६. तेव्हापासून सरोज अंथरुणावर आहे. खुब्यात पट्टी आणि खिळे बसवले आहेत. तिचे पुसणे, धुणे, भांडे देणे यांस आता दुप्पट पाणी लागते आणि ते भरायला घरात अर्जदाराखेरीज कोणी नाही. कन्या नीरजा परदेशी असते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तीन अलार्म लावा ना, दहा-दहा मिनिटांनी." तीन लावले. अर्जदाराने तिन्ही झोपेतच बंद केले. रुपालीताईंनी अठरा दिवस वर येऊन ड्रम भरून दिला. नंतर त्यांना सकाळची पाळी लागली, आणि पुढचा महिना उसन्या कळश्यांवर निघाला. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. कामवाली बाई साडेसहाच्या आधी येऊ शकत नाही, आणि साडेसहाला नळ फुसफुसतो.

संदर्भ १ मधील अर्जात 'औषध' हा शब्द आल्याने तो आरोग्य विभागाकडे गेला. संदर्भ २ मधील अर्जात अर्जदाराने तो शब्द कटाक्षाने टाळला, तेव्हा वेळ बदलण्याचे कारण नमूद नसल्याचे त्यास तोंडी सांगण्यात आले. याबद्दल रोष नाही. अर्जदाराने स्वतः असे शेरे मारलेले आहेत. ज्यांच्या अर्जांवर मारले त्यांचे चेहरे अलीकडे दुपारच्या झोपेत दिसतात.

७. दुसरा मार्ग न उरल्याने दि. १ मार्चपासून अर्जदाराने रात्रीची गोळी घेणे बंद केले. त्यामुळे पातेले वाजले की तो जागाच असतो. पंचेचाळीस मिनिटांत साधारण एकशे वीस तांबे होतात, आणि प्रत्येक तांब्याला एकदा वाकायचे, एकदा उठायचे. गोळी चुकल्यामुळे नाक गळते, जांभयांवर जांभया येतात, घाम फुटतो आणि त्याच वेळी काटाही येतो. पाय जागेवर ठरत नाहीत. शेजारच्या खोलीत बसलेले दुखणे सामानसुमानासह परत येते. पंचवीस-तीस तांब्यांनंतर अर्जदार भिंतीला कपाळ टेकून उभा राहतो. सरोजला ऐकू जाऊ नये म्हणून कण्हायचे ते तो नळाच्या आवाजात कण्हून घेतो.

डॉ. देवयानी यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "विश्रामकाका, ही गोळी मनाने बंद करायची नाही, कमीही करायची नाही. काही वाटलं तर आधी मला फोन करायचा." अर्जदाराने फोन केलेला नाही, त्याचे कारण पुढीलप्रमाणे. दवाखान्याच्या नियमानुसार मागच्या महिन्याची रिकामी पाकिटे दाखवल्यावरच पुढच्या महिन्याच्या गोळ्या मिळतात. आता, ज्या कार्यालयाने मंजूर अनुदान खर्च केले नाही त्याची पुढच्या वर्षीची मागणी अर्जदाराने एकतीस वर्षे स्वतःच्या हाताने कापलेली आहे. खर्च झाला नाही, सबब गरज नव्हती. गोळ्या शिल्लक दाखवल्या तर आपलीही मागणी कापली जाईल आणि सकाळचीही गोळी हातची जाईल, या भीतीने अर्जदार रोज रात्री आठला पाकिटातून गोळी काढतो, तोंडाशी नेल्यासारखे करतो आणि सरोजची नजर वळली की डबीत टाकतो. डॉक्टर तसे करणार नाहीत हे अर्जदारास दिवसा पटते. रात्री आठला पटत नाही.

८. आता विनंती. आरंभी अर्जदाराची मागणी संपूर्ण प्रभागाची वेळ बदलण्याची होती. ती अवास्तव होती, मागे घेतली आहे. नंतर फक्त गल्लीसाठी होती. त्यासंबंधी आपले चावीवाले श्री. गणू यांची अर्जदाराने रस्त्यातच गाठ घेतली. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "काका, चावी माझ्या हातात हाय, टायमिंग नाय. दहाला तुमच्याकडं फिरवली तर शीळफाट्याच्या अंगाला तीन चाळी कोरड्या पडतील. तिथं बी म्हातारी माणसं हायत ना." त्या चाळींतही कोणी वाकून तांब्यांनी पाणी भरत असेल, आणि त्याने अजून अर्ज केला नसेल एवढाच फरक. सबब गल्लीची मागणीही मागे घेण्यात येत आहे. आठवड्यातून एक दिवस, पंधरा मिनिटे, असा एक मसुदा अर्जदाराने बुधवारी केला होता. तोही वाचून पाहिल्यावर फाडला.

९. काल रविवारी दुपारी सरोजला कंगवा हवा होता. अर्जदार नेहमीप्रमाणे खुर्चीत झोपला होता. तिने पडल्या पडल्या हात लांबवून उशाकडचा खण उघडला, आणि तिच्या हाती ती डबी लागली. अर्जदार जागा झाला तेव्हा तिने गोळ्या चादरीवर ओळीने मांडल्या होत्या. ती रागावली नाही. कशाच्या म्हणून विचारले, अर्जदाराने सांगितले. त्यावर ती रडेल असे त्याला वाटले होते. ती गोळ्यांकडे पाहत म्हणाली, "एवढ्या गोळ्या घरात नकोत हो. माझा माझ्यावर भरवसा नाही."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात सरोजने असे वाक्य कधी उच्चारले नव्हते. दर नवरात्रात टेंभी नाक्याला जाऊन देवीची ओटी भरणारी ही बाई. अर्जदार तिला धीर द्यायला तोंड उघडणार होता. त्याआधी त्याने स्वतःचा भरवसा तपासून पाहिला. मग धीर देण्याऐवजी त्याने गोळ्या गोळा केल्या आणि डबी रुपालीताईंकडे ठेवून आला. पण त्यांच्या घरात लहान मूल आहे. त्यांनी एका दिवसापुरतीच ठेवून घेतली, आणि ते बरोबरच आहे.

गोळ्या दवाखान्यात परत नेण्याचे धैर्य नाही, कारण वर दिले आहे. औषधाचे दुकानदार परत घेत नाहीत. संडासात टाकाव्यात तर ओतायला पाणी नाही. काल रात्रीची गोळी तरी घ्यावी असा सरोजचा आग्रह होता. पण ती घेतली असती तर आज ड्रम रिकामा राहिला असता, म्हणून तीही आज सकाळी परत आणलेल्या डबीत गेली.

तरी अर्जदाराची आता एकच विनंती आहे. सोबतचे मोहोरबंद पाकीट आपल्या कार्यालयाच्या कपाटात ठेवून घ्यावे. हे काम पाणीपुरवठ्याच्या कक्षेत येत नाही हे अर्जदार जाणतो. परंतु गोळ्या शिल्लक राहिल्या त्या पाण्यामुळे, आणि अर्जदारास चालत जाता येईल असे दुसरे शासकीय कपाट नाही. शासकीय कपाटात गेलेली वस्तू दहा-दहा वर्षे बाहेर येत नाही हा त्याचा स्वतःचा अनुभव आहे, आणि येथे त्याला नेमके तेच हवे आहे. यापुढे दर सोमवारी सात गोळ्या आणून जमा करण्याचीही परवानगी असावी.

पाण्याच्या वेळेचा निर्णय सवडीने व्हावा, न झाला तरी चालेल. पाकिटाची पोच मात्र आजच मिळावी. सरोजने ती मागितली आहे. पोच पाहीपर्यंत ती डोळे मिटणार नाही असे म्हणाली आहे, आणि अर्जदार परत जाईपर्यंत ती घरात एकटी आहे.

आपल्या जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाचा,
नम्र अर्जदार

(सही)
विश्राम दत्ताराम पेडणेकर
शांतिसदन, तिसरा मजला, डोंबिवली (पूर्व)
दि. २४ मार्च २०२५

सोबत :
१. संदर्भीय अर्जांच्या प्रती.
२. डॉ. देवयानी यांच्या चिठ्ठीची प्रत.
३. सौ. सरोज यांच्या खुब्याच्या क्ष-किरण चित्राची प्रत.
४. मोहोरबंद पाकीट, एक. आत गोळ्या तेवीस. कृपया दोन माणसांसमोर मोजून घ्याव्यात.
५. पोच. अर्जदाराने आपल्या सोयीसाठी स्वतःच लिहून आणली आहे. फक्त सही करावी आणि वेळ घालावी. अर्जदार बाहेर बाकावर बसला आहे. झोपलेला आढळल्यास 'अनुपस्थित' न लिहिता त्यास उठवावे.