जाळीवरची साखळी

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

दुरुस्ती. ९ तारखेच्या पानावर मी लिहिलंय — ‘काकांनी जाळीची चावी हरवली.’ ते खोटं आहे. वाक्यावर एकच रेघ मारली, शेजारी आजची तारीख, सही. गिरवून काळं केलं नाही. बाबांनी तसंच शिकवलंय. दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, ड्युटीवरून आल्यावर बाबाच शिकवायचे. फिटर माणूस, कारखान्याच्या लॉगबुकाचा नियम माझ्या वहीलाही. चूक झाली तर ती वाचता आली पाहिजे! आता ऑफिसात क्वालिटीच्या कागदांवर हेच करते आणि लोक म्हणतात, उपासना किती काटेकोर.

खरं असं: चावी मी हरवली.

इथे अमेरिकेत मी प्रल्हादकाका आणि शैलजाकाकूंच्या घरी राहते, तळघरातल्या खोलीत. तिला एकच खिडकी, जमिनीच्या खाली. बाहेर खड्डा, खड्ड्यावर लोखंडी जाळी. वर आग लागली तर मी तिथूनच बाहेर पडायचं. जानेवारीत दोन गल्ल्या पलीकडे एका भारतीय घरातलं सोनं चोरीला गेलं, आणि प्रल्हादकाकांनी जाळीला साखळी घालून कुलूप ठोकलं. चावी स्वयंपाकघरातल्या हुकावर. काका, मी कशी बाहेर पडू, एवढं विचारायचं मला धाडस झालं नाही.

म्हणून ८ तारखेला, काका-काकू भाजीला गेल्यावर, नुसतं बघायला गेले — थंडीत कुलूप उघडतं का. हातमोजा काढला. बोटं बधिर. चावी जाळीतून खाली, बर्फात. आत येऊन खिडकी उघडली, खड्ड्यात हात घालून उकरलं. बर्फ, दगड, बर्फ. मग आणखी बर्फ पडला आणि खिडकीही उघडेना.

दुसऱ्या दिवशी शैलजाकाकू हुकाकडे बघून म्हणाल्या, “अहो, चावी कुठे टाकलीत?”

काका म्हणाले, “मी?” मग खिसे चाचपत, “टाकली असेन कुठेतरी.”

मी पोहे खात होते. खात राहिले.

आणि खाली येऊन वहीतसुद्धा खोटं लिहिलं! इथे कोण वाचणार होतं?

२३ फेब्रुवारी, रविवार

का नाही बोलले ते लिहायला हवं.

निघताना आई म्हणाली होती, “दुसऱ्याच्या घरी राहणार तू. कपाटाला, हुकाला हात लावू नको. काही हरवलं की पहिली नजर आपल्यावरच येते.” आईला माहीत आहे. नागपुरात आम्ही भाड्याने राहायचो तेव्हा मालकीणबाईंची अंगठी हरवली. त्यांनी विचारलं नाही, नुसतं आमच्याकडे बघणं बदललं. आम्ही ते घर सोडलं. अंगठी पुढे मोरीच्या दगडामागे सापडली म्हणे. सांगायला कुणी आलं नाही.

पण इथे नजर माझ्यावर आलीच नाही. सरळ काकांवर गेली. आणि मला — लिहिते — बरं वाटलं.

ठरवलंय: साखळी कापायची. तसलीच साखळी, तसलंच कुलूप नवीन आणून लावायचं. नवी चावी काकांच्या जॅकेटच्या खिशात. ‘अरे, इथे होती!’ संपलं. त्यासाठी बोल्ट कटर हवा. लहान. बॅगेत मावेल असा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस ऑनलाइन कटर बघतेय. आठ इंची, चौदा इंची, चोवीस इंची. दांडा जितका लांब तितका जोर जास्त, हे कळतं. पण चौदा इंची माझ्या बॅगेतून चार बोटं बाहेर राहतो — पट्टीने मोजलं.

आठ इंचीखालच्या प्रतिक्रियांत सगळे खूश. ‘घरच्या किरकोळ दुरुस्तीला उत्तम.’ कुणी कोंबड्यांच्या खुराड्याची तार कापलीय, कुणी जुना पडद्याचा रॉड. एकानेच लिहिलंय — कडक साखळीच्या वाटेला जाऊ नका, दात जातील. ते तीन वेळा वाचलं.

तरी लंच-ब्रेकमध्ये दुकानात गेले. काउंटरवरचे पांढऱ्या मिशांचे आजोबा म्हणाले, “काय कापायचंय?”

“वायर.”

“मग हा पुष्कळ झाला.”

आठ इंची घेतला. डब्याच्या पिशवीत मावतो. वायर म्हणाले — दुसरं खोटं.

१ मार्च, शनिवार

बाबांचा फोन. लहान कटरने साखळी कापते का, सहज विचारल्यासारखं विचारलं.

“साखळी? कडक हाय का नरम, ते आधी पाय. कानस मारून पाय. कानस चावली तं नरम, नुसती सरकली तं कडक. कडक असंन तं तुह्या त्या लहान्या कटरचे दातच जातीन.”

“कानस नाही माझ्याकडे, बाबा.”

“मंग कायची इंजिनियर तू!” खूप हसले. मग हसता हसता थांबले. “कोनाची साखळी हाय पोरी?”

मी म्हणाले, नेटवर्क जातंय.

“बरं. जय भीम.” आवाज अगदी स्वच्छ येत होता.

२ मार्च, रविवार

काका-काकू बाहेर होते. नखं घासायची कानस घेऊन गेले. सरकली. कडक.

तरी दाबलं! दोन्ही हातांनी, डोळे मिटून. टक्. साखळीवर तांदळाच्या दाण्याएवढी खाच. कटरच्या पात्याचा तुकडा उडालेला. कटर कपाटात स्वेटरखाली ठेवलाय.

५ मार्च, बुधवार

काल-आज जोराचा बर्फ. ऑफिस घरूनच. सकाळी काका फावडं घेऊन मागे गेले आणि ओरडतच आले. “शैलजा! चोर येऊन गेला! साखळी कापायला बघितली!”

काकू बूट घालून बघून आल्या. “एवढीशी खाच? चोर आहे की उंदीर? चावी सापडेना म्हणून तुम्हीच काहीतरी खुडबुड केली असणार. आणि विसरलात.”

“अगं, मी कशाला—”

“गॅस चालू ठेवला होता तेव्हाही असंच म्हणालात.”

काकांच्या बुटांचं पाणी जमिनीवर पसरत होतं, तेही काकूंनी सांगितल्यावर दिसलं त्यांना. मग माझ्याकडे वळले. “केली असेन का गं मी, उपासना?”

मला विचारलं. मला!

“माहीत नाही, काका.”

९ मार्च, रविवार

फ्रिजवर काकूंनी यादी लावलीय. डॉक्टरांना दाखवायला. १९ मार्चला, बुधवारी दुपारी दोन वाजता, काकांच्या स्मरणशक्तीची तपासणी आहे. काकू मला हळूच म्हणाल्या, “त्यांच्या आईचंही असंच सुरू झालं होतं गं. आधी किल्ल्या.” डोळे भरले होते. मी त्यांच्यासमोर ताट पुसत उभी.

यादीत पाच गोष्टी. गॅस. बँकेचा पासवर्ड. शेजाऱ्यांच्या सुनेचं नाव. जाळीची चावी. साखळी.

पाचातल्या दोन माझ्या आहेत.

इथे दर मार्चमध्ये करतात तशी आज घड्याळं एक तास पुढे करायची होती. काकांनी सगळी केली आणि मग काकूंना प्रत्येक खोलीत नेऊन विचारलं, “बरोबर आहे ना?” मायक्रोवेव्हचंसुद्धा. संध्याकाळी गाडीची किल्ली हुकावर अडकवली. “इथे असू दे. मी आता चालवणार नाही.”

मला गाडी यांनी शिकवलीय. सहा आठवडे, दर रविवारी, दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. मी गाडी कठड्याला घासली तेव्हा म्हणाले होते, “काही नाही, कठड्यालाच घाई होती.” काकूंना सांगितलंसुद्धा नाही.

१२ मार्च, बुधवार

दुकानात परत. चोवीस इंची बघायला. आजोबांनी ओळखलं. “वायर कापली?”

“नाही. साखळी होती. कडक.”

“मग आधी का नाही सांगितलंस?” रागावले नाहीत. मोठा कटर काढून दाखवला — एक दांडा जमिनीवर टेकव, दुसऱ्यावर अंगाचं वजन टाक. “पाच सेकंदांचं काम.”

हातात घेतला. लाल दांडे, माझ्या हाताएवढे लांब. कुठल्याही बॅगेत मावणार नाही. समोरच्या दारातून, सगळ्यांसमोर न्यावा लागेल. आणि तिथे उभ्या उभ्या कळलं की माझा बेत कसला होता. साखळी कापली, नवी लावली, चावी काकांच्या खिशात निघाली — की यादीत सहावी गोष्ट! ‘खिशातच होती आणि शोधत बसले होते.’ ती मी माझ्या हाताने लिहून देणार होते.

कटर परत ठेवला. बाहेर येऊन गाडीत बसले. इनहेलर घ्यावा लागला.

१३ मार्च, गुरुवार

आज सांगणार होते. सकाळी वर गेले तर बॅगा दारात. काका-काकू मुलीकडे, राधिकाताईकडे मॅडिसनला निघाले, सोमवारी संध्याकाळी परत. काकूंनी गाडी चालवली. काका शेजारच्या सीटवर, दोन्ही हात मांडीवर, शाळेच्या बसमध्ये बसल्यासारखे. मी हात हलवला.

१५ मार्च, शनिवार

दोन दिवस नुसतं ऊन. आज खिडकी उघडली. खड्ड्यातला बर्फ गेलाय. चावी दगडांवर पडलेली, समोरच. गंजलीसुद्धा नाही.

घरात कुणी नाही. वर जाऊन हुकावर अडकवली, गाडीच्या किल्लीशेजारी. अगदी जागच्या जागी दिसली. कुणी विचारलं तर — दिसली नसेल तुम्हाला. मी तिथे उभी राहिले. मग काढून घेतली.

फोनवर नाही सांगायचं. टेबलावर ठेवायचं: चावी, तुटक्या पात्याचा कटर, आणि ही वही, ९ फेब्रुवारीचं पान उघडून, रेघेसकट. काकूंनाही बसवायचं. यादी फ्रिजवरून मीच काढून आणायची. दोन ओळींवर एकेक रेघ, शेजारी माझी सही.

काकांचा पहिला चहा सकाळी आठला असतो. तेव्हाच सांगायचं: मंगळवार, १८ मार्च, तपासणीच्या आदल्या दिवशी.