साखरेविना पिवळी नळी

पॅरिस, ११ फेब्रुवारी १९५८

प्रिय मिरेय,

माझं अक्षर ओळखून पत्र शेगडीत घातलं नसशील, या आशेवर लिहिते आहे. आईचा गुडघा कसा आहे? इकडे थंडी नुसती मी म्हणते आहे. वेर्दिए साहेबांच्या माळ्यावरच्या प्रयोगशाळेत अजून ओव्हरकोट चढवूनच काम चालतं. लिमोजच्या औषधांच्या दुकानात तू रुळलीस, असं तुझ्या भावाकडून कळलं.

तुझी ती पिवळी नळी आठवते? दुधातली साखर दिली तरच आपले जंतू ती पचवायचं द्रव्य बनवतात आणि चाचणीत नळी पिवळी होते. साखर नसेल तर पाण्यासारखी राहते. म्हणून बिनसाखरेच्या रांगेत पिवळं दिसलं, की नळी अस्वच्छ समजून फेकायची, हा आपला शिरस्ता. तू फेकली नाहीस. "जिनेत, हा जंतूच वेगळा आहे गं," म्हणालीस. मी हसले होते.

गेल्या महिन्यात थंड कपाट आवरताना तुझे ते जंतू सापडले. फेकायला उचलले, पण राहवेना. नळ्या स्वतः तीनदा उकळल्या. पुन्हा पिवळं! चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मग धडधाकट जंतूशी त्यांची जोडी लावली, आणि दोनेक तासांत नवं द्रव्य बनायचं थांबलं. मिरेय, म्हणजे साखर नसताना दार लावून ठेवणारा एक राखणदार असतो, आणि तुझ्या जंतूत तोच बिघडला आहे. बाहेरून चांगला राखणदार आला की दार लागतं. तेही एकाच कामाचं नाही, पचनाची शेजारशेजारची सगळी कामं एकदम बंद! मी एकटीच टाळ्या वाजवत सुटले.

मग तुझी आठवण आली आणि हात खाली आले.

त्या दिवशी पिवळी नळी बघून साहेबांनी विचारलं होतं, "नळ्या कोणी धुतल्या?" धुतल्या मी होत्या. नोकरी जाईल म्हणून घाबरले आणि म्हणाले, "मिरेय मेजावरच दही खाते, साहेब. दुधाची साखर तिथूनच आली असेल." तुझी दह्याची वाटी खाली स्वयंपाकखोलीत होती. मी डोळ्यांनी पाहिली होती. साहेबांनी पुढे केलेल्या राजीनाम्यावर सही करताना तू माझ्याकडे पाहिलंस, मी खिडकीबाहेर बघत राहिले. या गोष्टीची मला फार लाज वाटते.

आज साहेबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ वही चाळत बसले. मग म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं आपण हे मोरीत ओतत होतो?" आणि वही मिटून, "तिला बोलवा. पण मादमोआझेल, जागा एकच आहे."

"ठाऊक आहे," म्हटलं आणि किल्ल्या त्यांच्या मेजावर ठेवल्या.

साहेबांचं पत्र वेगळं येईलच. मला माफ कर असं म्हणत नाही. फक्त एक कोडं सुटत नाही. दुसऱ्या एका पिवळ्या नळीत चांगला राखणदार घातला, तरी पिवळं थांबतच नाही. मला वाटतं, तिथे राखणदार ठीक आहे, दाराची कडीच मोडली आहे. ते बघायला आता मी नसेन. तू करून बघ. आणि मनात आलं तर एवढंच कळव, की मी बरोबर होते का.

जिने तुझ्यावर खोटा आळ घेतला, ती
जिनेत