मांडीवरची खूण

चि. उत्कर्षा,
सप्रेम जयभीम.

फोनवर हे तोंडातून निघेना, म्हणून लिहायला बसले.

तुझे बाबा अजून व्हेंटिलेटरवरच आहेत. आयसीयूत पडून पडून स्नायू झिजतात, म्हणून मांडीची सोनोग्राफी करून जाडी मोजतात. परवा ती वाढलेली निघाली. मीच तुला कळवलं, बाबांची मांडी भरतेय, नागपूरहून धावत येऊ नकोस. तू तिकीट रद्द केलंस.

आज डॉक्टर मॅडम विचारत होत्या, "अहो, इथली पेनाची खूण कुठे गेली?" दर वेळी त्याच जागी मोजता यावं म्हणून केली होती म्हणे. मला काय ठाऊक? नर्सने अंग पुसायला ओला रुमाल दिला, मला मांडीवर शाईचा डाग दिसला, मी घासघासून काढला. डाग म्हटलं की माझं काय होतं, तुला माहीत आहे. मग परवाच्या डॉक्टरांनी खूण नाही म्हणून अंदाजानेच मोजलं, ते चार बोटं वर, जिथे मांडी मुळातच जाड!

"म्हणजे हे सुधारतायत की खालावतायत?" मी विचारलं.

"आता नव्याने मोजत जाऊ," म्हणाल्या, आणि नवी खूण करून गेल्या.

त्यानंतर मी बाबांचे तळपाय चोळताना त्यांनी पायाने माझा हात रेटल्यासारखा वाटला. की मीच जोर लावत होते?

हे पत्र टाकायलाही हात धजत नाही. तुला ये म्हणू की नको म्हणू, ते तूच येऊन सांग.

तुझी,
आई