चौथ्या गाण्यातली बाई

एर्मान्नो,

चिठ्ठी मुद्दाम टेपरेकॉर्डरवर चिकटवली आहे. फ्रिजवर लावली असती तर तुला चार दिवसांनी दिसली असती.

त्रिएस्तेच्या ज्या माणसाशी तू कॅसेटींची अदलाबदल करतोस, त्याचं पत्र आलंय. हो, मी फोडलं. रावेन्नातल्या गाण्यांच्या कार्यक्रमाचं तू चोरून केलेलं रेकॉर्डिंग त्याला आवडलं म्हणे. तुझी यादीही त्याने खुणा करून परत पाठवलीय. त्या कॅसेटपुढे तू लिहिलंयस, "दर्जा मध्यम. चौथ्या गाण्यात बाईची बडबड."

बडबड काय रे? घरात अष्टौप्रहर तुझ्या कानांवर हेडफोन. म्हटलं, त्या कार्यक्रमात तरी विचारावं. "मला पालेर्मोत नोकरी मिळतेय. जाऊ की राहू?" तर तू म्हणालास, "शूऽ! माइक चालू आहे." माइक माझ्याच पर्समध्ये होता, विसरलास? दारावर बायकांच्या पर्स उघडत नाहीत म्हणून तीन वर्षं मीच तो हमालासारखी वाहतेय. मग माझा आवाज येणार नाही तर कुणाचा येणार?

आता तुझ्या साऱ्या कॅसेटवाल्यांनी माझा प्रश्न ऐकलाय. पत्राच्या शेवटी तो बिचारा विचारतो, "त्या बाईचं पुढे काय झालं?" ओळख ना पाळख, पण त्याला विचारावंसं वाटलं!

मसुराचं सूप पातेल्यात आहे. गिळ.

त्रिएस्तेला मी परस्पर कळवलंय: गेली.

लोरेदाना