कणकेचं माप

१२ जाने., सोम.
आमच्या सोनलच्या शर्यतीच्या बाईकचं इंजिन आज जोडून बंद केलं. नवा कॅम, उंच पिस्टन, सगळं घातलं. शर्यत २५ ला. गॅरेजचं शटर उघडायच्या आधीच हे विचारतात, गोळा आणलास का. आणला की. डब्यात पोळ्यांच्या वर कणकेचा गोळा, वीस वर्षं हेच. पिस्टनवर गोळा थापतात, वॉलला, म्हणजे व्हॉल्व्हला, तेल लावून हेड, इंजिनाचं वरचं झाकण, बसवतात, हाताने दोन फेरे फिरवतात. परत हेड काढून गोळा ब्लेडने कापायचा. वॉलने दाबलंय तिथे जेवढी जाडी उरली तेवढीच पिस्टन आणि वॉलमध्ये जागा. दोन मिमीच्या खाली नको, नाहीतर दोन्ही एकमेकांवर आपटतात. दोन पॉइंट एक आलं. हे खूष. यांच्या उस्तादांनी शिकवलेलं, त्यापुढे काही नाही.

१५ जाने., गुरु.
टिटवाळ्याचा भोईर टेम्पोत बाईक घालून आला. दिवाळीत आपणच बनवून दिलेलं इंजिन. चालता चालता मागचं चाक जाम, हा आडवा. हात प्लास्टरमध्ये. खोललं तर वॉल वाकलेला, पिस्टनवर नखाएवढी चंद्रकोर. आपटलाय. हे म्हणाले, स्पीडमध्ये खालचा गिअर टाकलास तू. तो म्हणाला, "काका, मी चौथ्यातच होतो." दोनदा म्हणाला. हे ऐकतायत कुठे.
सोनल तिथेच उभी. त्याच्या हाताकडे बघत होती. माझ्या इंजिनात असं झालं तर, म्हणाली. हे म्हणाले, तुझं मापलंय.
त्याचंही मापलेलं.

१७ जाने., शनि.
सकाळी पोळ्या करत होते. लाटली की आक्रसते, परत लाटा. रोजची कटकट. आज हात थांबला. गोळ्यात बोट दाबून काढलं, बघत बसले. खळगा अर्धा भरून आला. तव्यावरची पोळी काळी झाली तिकडे.
कणीक परत वर येते. मग हे जे मापतात ते काय?
कोणाला बोलले नाही अजून.

१९ जाने., सोम.
डोंबिवलीला मावशीकडे गेलेले, येताना स्टेशनरीच्या दुकानातून पोरांची खेळायची रंगीत माती घेतली. गॅरेजमध्ये वाइसच्या जबड्यात दोन मिमीचा तुकडा अडसर लावला, आधी माती दाबली, मग कणीक. सोडून मापली. माती दोनच. कणीक चहा होईपर्यंत पावणेतीन.
यांना दाखवलं. मापायचा व्हर्निअर हातात घेतला पण नाही. "चौथीपर्यंत शिकलीस. आता मला इंजिन शिकव." टोपी घातली आणि गेले बाहेर. जेवायला पण आले नाहीत.
सहा दिवस उरले. पोरगी रोज हेल्मेट पुसतेय.

२१ जाने., बुध.
हे पार्ट आणायला भिवंडीला गेले. मी सोनलचं इंजिन खोललं. वीस वर्षं पाने हातात देतेय, कुठला नट आधी सोडायचा हे कळतं मला. माती लावली, हेड बसवलं, फिरवलं, काढलं. एक पॉइंट दोन. परत केलं. एक पॉइंट दोन. तिसऱ्यांदा पण तेच.
मातीचे तिन्ही तुकडे ओळीने टेबलावर ठेवले, शेजारी व्हर्निअर. हे आले. बघितलं. स्वतः मापले. मग स्टुलावर बसले. म्हणाले, "उस्ताद असंच करायचे गं."
असंच कणकेने मापून उंच पिस्टन घालून दिलेल्या बाकी पाच जणांना मीच फोन केले, गाड्या काढू नका. सगळ्यांनी उचलला. एक जण शिव्या देत होता, देऊ दे.

२३ जाने., शुक्र.
गॅरेजजवळच, वागळेतल्या लेथवाल्याकडे पिस्टनमधले वॉलचे खळगे खोल करून घेतले. लेथवाला म्हणाला, वहिनी, अजून मारलं तर पिस्टन पातळ होईल, मग भोक पडलं तर मला सांगू नका. आणून मातीने मापलं. एक पॉइंट सात.
दोन नाही झालं. दुसरा पिस्टन मागवायला पंधरा दिवस.
हे म्हणाले, शर्यतवाले दीडवर पण चालवतात. कोण चालवतं, विचारलं. "चालवतात." बस एवढंच.

२४ जाने., शनि.
इंजिन बसवलं. स्टार्ट केलं, आवाज साफ. मला साफ आवाजाचं काही कौतुक नाही, भोईरचा पण साफच होता.
दोन वर्षं सुट्ट्या साठवतेय सोनल ह्या शर्यतीसाठी. दुपारी माझ्या मागे मागे. "पप्पांचं सोड. मापलंस तू. तू नको म्हणालीस तर नाही बसत." मी टेम्पोची फळी शोधत होते. परत विचारलं. म्हटलं थांब जरा. बाईक टेम्पोत चढवत होतो, फळी सरकत होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता, हे माझ्यावर ओरडत होते नीट धर म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं.
"हो बाई, बस एकदाची."
वैतागून म्हटलं. ती हसली आणि गळ्यात पडली.
विचार करून बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले.

२५ जाने., रवि.
सहाला टेम्पो गेला. मी नाही गेले. गॅरेज कोण बघणार, म्हटलं. रविवारी कोण येतंय गॅरेजला.
तिचा नंबर अकराला. आता साडेदहा.
कळव्याच्या एका गिऱ्हाइकाचं इंजिन स्टँडवर आहे, उघडं. उगाच हाताने फिरवत बसले. वॉल खाली येतो, पिस्टन वर येतो, एकमेकाला वाट देतात, शांत. कितीही फिरवा, काही आपटत नाही. पण माझा हात मिनिटाला दहा फेरे फिरवतो. तिचं इंजिन दहा हजार. तेवढ्या वेगात वॉल वेळेवर मागे जातो का? एक पॉइंट सात मी हाताने फिरवून काढलंय.
फोन लावला, बसू नकोस सांगायला. यांचा वाजून बंद झाला. तिचा पण. तिकडे इंजिनांच्या आवाजात काय ऐकू येणार.
परत लावते.