ओळीनंतरचं थांबणं

मास्तर, तुम्हाला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली. या रविवारी अकोल्याच्या प्रार्थनामंदिरात उपासना आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ माझा हात धरून म्हणाले, "आज तुमच्या गाण्यात काय लीनता होती!" मी मान लववली. घरी येऊन ते वाक्य रोजनिशीत लिहिलं, लाज वाटून खोडलं, आणि खोडलेलं वाचता येतंय ना, तेही पाहिलं. मग तुम्हाला लिहायला बसलो, कारण मला या गोष्टीचा जाब विचारायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

अमरावतीला आपल्या ख्रिस्ती मंडळीची उपासना कापसाच्या वखारीत व्हायची. अमेरिकेत लढाई पेटलेली, कापसाला कधी नव्हता असा भाव, आणि गोऱ्या व्यापाऱ्यानं रविवारपुरता एक कोपरा मोकळा करून दिलेला. गाठींना टेकायचं नाही, एवढी त्याची ताकीद. आपल्या माणसांना वाचता येत नसे, म्हणून तुम्ही गीताची एक ओळ म्हणायचात, ती सगळे मिळून म्हणायचे, मग तुम्ही पुढची द्यायचात. तुमचा आवाज काही गवयाचा नव्हता. अचलपूरच्या कोष्ट्याचा, मागावर बसून गुणगुणण्यापुरता. पण ओळ दिली की तुम्ही थांबायचात. अगदी शेवटचा माणूस गप्प होईपर्यंत. हा शेवटचा माणूस नेहमी एकच. वखारीत हातचरकीवर कापसातली सरकी वेगळी काढणारी ती विधवा, जिला सगळे मावशी म्हणत. कापसाचे तंतू जाऊन जाऊन तिचा घसा बसलेला, सुराशी काही संबंध नाही, आणि सगळ्यांची ओळ संपली तरी तिचं "दयाळा" चालूच. मी अंग चोरून बसतो. तुम्ही डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, ती संपायची वाट पाहता.

मुंबईच्या कॉलेजातून सुटीत आलो तो रविवार. तो व्यापारी मडमेसह येणार होता, दोन खुर्च्या मांडल्या होत्या. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "आज ओळी तू दे." हे तुम्ही का केलंत, मास्तर? "हा माझा विद्यार्थी," असं साहेबाला सांगताना तुमचा चेहरा फुललेला मी पाहिला आहे. त्या दिवसाचा दोष मी सगळा एकट्यानं घ्यायचा नाही, असं मी पुष्कळदा ठरवलं आहे.

मी गायलो, आणि चांगला गायलो. दोन ओळींनंतर लोक हळू म्हणू लागले, माझं ऐकता यावं म्हणून. तिसऱ्या ओळीला तिचं "दयाळा" मागे लोंबकळत राहिलं. मडम हसली, रुमालाआड. मी थांबलो नाही. तिचा शब्द अर्धा असतानाच पुढची ओळ उचलली, आणि तो आवाज मध्येच तुटला. नंतरच्या ओळींना ती नुसते ओठ हलवत होती. शेवटी तर कोणीच म्हणत नव्हतं. मी एकटा गात होतो आणि मला वाटत होतं, देव किती जवळ आला आहे.

खुर्च्या उचलल्यावर तुम्ही सतरंजी झटकत होतात. मी कौतुकाची वाट पाहत उभा. तुम्ही वर न बघता म्हणालात, "आज मले लोकायचा आवाज आयकू नाई आला."

"साहेब खूश झाला पण," मी म्हणालो.

"साहेबाले कापूस समजते रे," तुम्ही म्हणालात. "तू कोनाले आयकवून राहिला होता?"

बस, एवढंच. चारचौघांत झापलं असतंत तर मी तुमच्यावर रागावून मोकळा झालो असतो. तो प्रश्न तुम्ही तसाच ठेवलात, आणि पुढच्याच उन्हाळ्यात पटकीनं गेलात.

तुम्हाला माती दिली त्या सकाळी ओळी मीच दिल्या. मावशी मागे उभी होती, पदर तोंडाशी धरून. पहिल्या ओळीनंतर मी थांबलो, सगळ्यांदेखत, तिच्यासाठी. तिनं तोंड उघडलं नाही. नंतर मी गाठून विचारलं, "मावशी, काहून नाही म्हटलं?"

"तुमीच म्हना जी, बाबू," ती म्हणाली. "तुमचं आयकाले बरं वाटते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यानंतर ती यायची, बसायची, पण गाताना मी तिला कधी ऐकलं नाही.

एक वाईट गोष्टही सांगून टाकतो. पुढे कित्येक वर्षं मी मनाची अशी समजूत घातली की तुमचं ते थांबणंही दिखाऊच होतं. मास्तर किती थोर, असं लोकांनी म्हणावं म्हणून. पुरावा शोधत मी एकेक रविवार आठवून पाहिला. सापडला नाही. तुम्ही थांबायचात, कारण तिचं म्हणून व्हायचं असायचं.

या रविवारी मी मुद्दाम आवाज खाली ठेवला. प्रत्येक ओळीनंतर थांबलो, तुमच्यासारखा, हात मांडीवर ठेवून. पण डोळे पुरते मिटले नव्हते, मास्तर. मी थांबतो आहे हे कोणाकोणाच्या लक्षात येतंय, ते पापण्यांच्या फटीतून बघत होतो. म्हणून त्या गृहस्थांचं बोलणं इतकं गोड लागलं.

हे अमरावतीला नेऊन तुमच्या मातीपाशी वाचावं, असं आत्ता मनात आलं होतं. पण वाचताना कुठे थांबायचं आणि कोणता शब्द लांबवायचा, हे मी लगेच ठरवूही लागलो. म्हणून कागदाची घडी करून रोजनिशीतच ठेवतो.