खांद्याचं माप

ता. ९ मार्च

ती. ताई,

नमस्कार. इकडे ठीक. बाबांचा खोकला कमी आहे. त्यांच्या शिलाई मशीनला तेल घालून झाकून ठेवलंय. छोटीला दात आले का?

फोन केला की बाबांना वाटतं मी 'तिकडे' बोलतेय, म्हणून पत्र.

ते हल्ली दिवसभर उडत्या तबकड्यांच्या बातम्या बघतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, "या वयात लोक वर बघतात ते देवासाठी. तुमचे सासरे भलत्यांचीच वाट बघताहेत!" मीही हसले.

मग एक दिवस बाबांनी माझ्या कुर्त्याचं माप घ्यायला टेप काढली. खांद्याशी थांबले. पुन्हा मोजलं. "माणूस वाळतो, खांदा वाळत नाही. हा आमच्या सुनेचा खांदा नव्हे." मी पोक काढून उभी असेन. मी तसं म्हणेपर्यंत बाबा मागे सरकले होते.

तेव्हापासून मला अहो-जाहो करतात. "तुमच्याकडे थंडी असते का हो?" लग्न होऊन आले तेव्हा एवढं कुणी विचारलं नव्हतं, ताई. राग मानू नका.

पण माझ्या हातचं खाईनात. पाणीसुद्धा स्वतः नळाचं घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, घरच्या माणसानं भरवा. घरचं माणूस कोण, ते मी विचारलं नाही.

बाबांचं म्हणणं असं, की ह्यांना ते तबकडीवाले घेऊन गेले आणि बदल्यात मला ठेवलं. "आमचा मुलगा परत द्या, मग जेवतो." स्मशानात तुम्हीच बाबांना धरून उभ्या होता. ते विसरलेत, की विसरता येत नाही म्हणून हे सगळं, मला कळत नाही.

मी सूनच आहे म्हटलं, तर ह्यांचं जाणं खरं होतं. परकी आहे म्हटलं, तर ताट तसंच राहतं.

काल मी म्हटलं, "निरोप धाडलाय. पाठवतील." चार घास जेवले. माझ्याच हातचे.

आज दाढी करून, ह्यांचा शर्ट इस्त्री करून दारात बसलेत. जाता-येता विचारतात, "उत्तर आलं का हो?" ताट नेलं तर म्हणाले, "आता तो आला की एकदमच बसू."

तुम्ही या. तुमच्या हातचं खातील. जमणार नसेल, तर त्यांना काय सांगू, तेवढं तरी कळवा.

तुमची,
अजून तरी, वहिनी